हूं म्हणणाऱ्या बायकांच्या गावी

इंदूताईंचं पोस्टकार्ड वाचून मला आधी रागच आला, हे कबूल करते. चारच ओळी होत्या. ‘ताई, तुम्ही नागपूरच्या शिबिरात शिकवलेलं बोलण्याचं औषध इकडं लागू पडेना. मी ते जरा बदलून घेतलं. आता पडते लागू. एकदा येऊन पाहून जा. थंडीत या, संत्री खायला भेटतील.’

बदलून घेतलं म्हणे! मी पुण्याच्या एका दवाखान्यात समाजसेविका आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांशी बोलणं हे गेली बारा वर्षं माझं काम. डॉक्टर ऑपरेशन करून मोकळे होतात, किरणांचा शेक देणारे शेक देऊन मोकळे होतात, आणि टाके वाळल्यावर घरी जाऊन जी बाई भिंतीकडे तोंड करून बसते ती माझ्या वाट्याला येते. तिला बोलतं करायचं, मनातलं तिच्याच तोंडून काढायचं आणि त्यातले चुकीचे विचार एकेक करून खोडायचे, अशी ही पद्धत. ती परदेशी पुस्तकांतून मराठीत आणताना मी घाम गाळलेला. आणि आठ दिवसांच्या शिबिरात मागच्या बाकावर बसून वहीत एक अक्षर न लिहिणाऱ्या पांढुर्ण्याच्या नर्सबाईनं ती ‘जरा बदलून’ घ्यावी? पंच्याऐंशी साल सरत आलं होतं, रजा शिल्लक होती. छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि निघाले. बघायला थोडी, कान धरायला जास्त.

तिगाव

उतरायचं होतं पांढुर्ण्याला, उतरले तिगावला. नागपूरहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये मी माझीच प्रश्नावली तपासत बसले होते. समोरची बाई म्हणाली, “पांढुर्णा आलं न जी, उतरा न.” मी तिला हातानंच थांबवलं, कारण चौदावा प्रश्न चालू होता. पंधरावा संपेपर्यंत पांढुर्णा मागे गेलं. मग पुढच्या स्टेशनावर, म्हणजे तिगावला, पिशवी छातीशी धरून उडी टाकली. बारा वर्षं लोकांचं ऐकण्याचा पगार घेणाऱ्या बाईची ही गत.

स्टेशनाबाहेर झाडाखाली तीन-चार बायका लाकडी पेट्यांत वाळलं गवत अंथरून संत्री भरत होत्या. त्यातल्या एकीनं मला आपादमस्तक न्याहाळलं. “बाप्पा! एकट्याच काहून फिरून राहिल्या?” मी माझी फजिती सांगितली. त्या पोट धरून हसल्या, हसता हसता मला चार संत्री सोलून दिली, आणि पेट्या घेऊन पांढुर्ण्याला निघालेल्या मेटाडोरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवूनही दिलं. पुण्यात संत्रं म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू. इथं ते कुणी मोजतही नाही. मेटाडोरमधून उतरेपर्यंत माझ्या हाताला, पदराला आणि प्रश्नावल्यांना सालीचा वास लागला होता. तो पुण्यापर्यंत टिकला.

पांढुर्णा

इंदूताई मेश्राम सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना चपला फटफट वाजवणाऱ्या. क्वार्टरच्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाचं चित्र, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग. मला बघून म्हणाल्या, “तिगाव पाहून आल्या म्हणे?” मेटाडोर माझ्यासोबतच आला होता, पण बातमी त्याच्याही आधी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोह्यांवर तर्री घातली. तर्री म्हणजे हरभऱ्याच्या रश्श्यावरचा लालभडक तवंग. मी पुणेरी पोहे खाणारी, साखरेची चिमूट घालून. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून आणि नाकातून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. नेमक्या तेव्हाच रखमाबाई दारात आल्या. या कापूस वेचायला जाणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी नागपूरला ऑपरेशन झालेल्या. मला बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या आणि इंदूताईंना हळूच म्हणाल्या, “लय दुखात हाय वो बाई. कोण गेलं हिचं?”

नाक पुसून मी गठ्ठ्यातली एक प्रश्नावली काढली. म्हटलं, आता बघू इंदूताईंनी काय बदललंय ते.

“रखमाबाई, गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा निराश वाटलं?”

“निराश मतलब?”

“म्हणजे उदास. काही करावंसं वाटत नाही, असं.”

“नाही जी. करावंच लागते न. शनिवारी तं दोन मण वेचला.”

“पण मनाला कसं वाटत होतं?”

“मनाले काय वाटते? पाठीले वाटत होतं.” मग माझा चेहरा पडलेला बघून त्यांना माझी दया आली. “तुम्ही लिहा न, बरं हाय. सगळं बरं हाय लिहा.”

पंचवीस प्रश्नांना पंचवीस वेळा ‘बरं हाय’. इंदूताई मोरीत भांडी घासत होत्या, त्यांची पाठ हसण्यानं हलताना मला दिसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी त्या म्हणाल्या, “चला आता माहं पाहा.” अंगणात रखमाबाई आणि आणखी दोघी शेंगा सोलायला बसल्या होत्या. इंदूताईंनी डब्यातून ज्वारी काढली आणि सांगणाऱ्या रखमाबाईंना सोडून प्रत्येकीच्या डाव्या मुठीत थोडी थोडी दिली. मलाही दिली. व्रताची कहाणी ऐकताना बायका हातात दाणे धरतात ना, तशी. आणि सांगणारी थांबली की ऐकणारीनं ‘हूं’ म्हणायचं. हूं आला नाही तर सांगणारी पुढं जात नाही.

“आता तुम्ही फक्त हूं म्हणायचं, ताई,” इंदूताईंनी मला बजावलं. “बाकी काहीच नाही. सल्ला नाही, समजूत नाही, अरेरे नाही.”

रखमाबाईंनी शेंग फोडली आणि सुरू केलं. “एक बाई होती.”

“हूं.”

“तिचं एक आंग कापून टाकलं डाक्टरनं.”

“हूं.”

“तिले रोज वाटे का आता नवरा घर सोडून जाते. सकाळी वाटे, आज जाते. संध्याकाळी वाटे, उद्या जाते. तिनं तं त्याचं धोतर धुवून घडी करून ठेवलं, का जाईन तं निदान साफ कपड्यानं जावं.”

“हूं,” आम्ही म्हणालो. सकाळी पंचवीस वेळा बरं हाय म्हणणारी हीच ती बाई.

“अन् एक दिवस तिनं विचारलंच त्याले, का बाबा, जायाचं असन तं सांगून जा. तं तो म्हणते, मले भाकर थापता येत नाही, कुठं जाऊ?”

सगळ्या फिस्सकन हसल्या. रखमाबाई हसता हसता रडल्या, डोळे पुसले, पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. इंदूताईंनी शांतपणे विचारलं, “मंग? दुसऱ्या दिवशी त्या बाईनं काय केलं?” हे त्या प्रत्येक वेळी विचारतात. कहाणी रडण्यावर सोडायची नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत आणायची, आणि त्या दिवशी काय झालं ते सांगणारीनंच ठरवायचं.

“दुसऱ्या दिवशी बाईनं आरशावर टाकलेलं फडकं काढलं,” रखमाबाई म्हणाल्या. शेवटी ऐकणाऱ्यांनी मुठीतली ज्वारी चिमण्यांना टाकली आणि सगळ्या आपापल्या कामाला गेल्या. झालं ते एवढंच.

मी पायरीवरच बसून राहिले. मग इंदूताईंना विचारलं, हे सुचलं कसं?

“मी व्रतं करत नाही, त्या कहाण्याही मानत नाही,” त्या म्हणाल्या. “पण लहानपणी शेजारच्या घरी कहाणी असे, तेव्हा आम्ही उंबऱ्याबाहेर बसून ऐकायचो. आत कोणी बोलवत नसे. पण ऐकायची रीत बरोबर होती त्यायची. तुम्ही शिबिरात म्हणत, बाईनं ‘मला असं वाटतं’ असं म्हणायला शिकलं पाहिजे. इथं कोण म्हणते तसं? ‘मी’ म्हटलं का बाईले लाज वाटते. ‘एक बाई’ म्हटलं का सगळं सांगते.”

“आणि ज्वारी कशाला?”

“हातात दाणे असले का माणूस हातवारे करत नाही. हात थांबले का तोंडबी कमी चालते.” माझ्याकडे बघून त्या मिश्कील हसल्या. “काही काही लोकांचं.”

कान धरायला आले होते. गुपचूप माझे कान मीच धरले. बारा वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते या बाईनं ज्वारीच्या डब्यावर जमवलं होतं. पण स्वभाव एवढ्यानं जात नाही, हे दोनच दिवसांत सौंसरला दिसलं.

सौंसर

बस पूर्ण वेळ संत्र्याच्या बागा आणि कापसाच्या शेतांमधून जाते. हा प्रवास मी पुन्हा करीन. सौंसरला आम्ही कौसल्याबाईंकडे गेलो. यांचे पती शाळेत शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. कौसल्याबाईंचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. तब्येत उत्तम होती, आणि मोठी मुलगी वनिता हिचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं.

गुरुजींनी आम्हाला दारातच थांबवलं. बोलायला घाबरणारा, सरळ माणूस. चष्मा पुसत म्हणाले, “कन्यादानाले माहा भाऊ अन् भावजय बसणार हाय. हिनंच ठरवलं तसं. मांडवातबी येणार नाही म्हणते, आतल्या खोलीत बसतो म्हणते. पोरगी रोज रडते. मी काय बोलू? मले समजतच नाही का काय बोलावं.”

आत गेल्यावर आणखी दिसलं. कौसल्याबाईंची ताटली आणि पाण्याचा गडवा कोनाड्यात वेगळा. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःच वेगळा केलेला. हळदीला हात लावत नव्हत्या, नवरीच्या साड्यांना लावत नव्हत्या. राबत मात्र होत्या दिवसभर. आम्हाला त्यांनी सोलेभाजी वाढली, ओल्या तुरीच्या दाण्यांची, वर कच्चं तेल सोडून, सोबत ज्वारीची भाकर. इतकी चविष्ट भाजी मी जन्मात खाल्ली नव्हती आणि तसं मी दहादा सांगितलं. “आवडली न? घ्या न अजून,” म्हणत त्या वाढत राहिल्या, दुरून, पदर सावरून.

जेवणानंतर मागच्या पडवीत गहू निवडायला बसलो. इंदूताईंनी माझ्या मुठीत ज्वारी दिली, स्वतःच्या मुठीतही घेतली. इंदूताई यापूर्वी कितीदा आल्या होत्या, पण कौसल्याबाईंनी त्यांच्यासमोर एकदाही कहाणी सांगितली नव्हती. त्या दिवशी सुपातल्या गव्हाकडे बघत त्या बोलल्या.

“एक बाई होती.”

“हूं.”

“तिच्या घरी देव्हारा होता. एक दिवस देवीची मूर्ती हातातून पडली अन् तिचा हात तुटला.”

“हूं.”

“सासू म्हणे, भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाही. तिच्यात देवपण राहत नाही. नदीत सोडून ये. बाईनं नेऊन सोडली.”

“हूं.”

“पुढं त्या बाईलेच नागपूरले नेलं, अन् तिचं बी आंग... तं तिनं म्हटलं, जे देवीले लागू, ते आपल्याले लागू नाही का? लेकीचं लगन म्हणजे देवकार्य. तिथं भंगलेलं...”

आणि मी तोंड उघडलं. काय सांगू, आवरलंच नाही! बारा वर्षांची सवय उसळून आली. “अहो कौसल्याबाई, काहीतरीच काय! तुम्ही काय दगडाची मूर्ती आहात का? हा एक आजार आहे, ऑपरेशन झालं, तुम्ही बऱ्या झालात. तुम्ही अगदी पूर्ण आहात, पूर्ण! हा निव्वळ चुकीचा विचार आहे.”

एकही शब्द खोटा नव्हता. कौसल्याबाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी कुठं माह्याबद्दल बोलून राहिलो?” त्या म्हणाल्या. “एक बाई होती, म्हटलं.”

त्यांनी सूप खाली ठेवलं, “चहा ठेवतो,” म्हणून आत गेल्या आणि चहा वनिताच्या हाती पाठवला. स्वतः आल्या नाहीत.

बसस्टँडवर इंदूताईंनी आधी गाडीची वेळ विचारून घेतली. मग म्हणाल्या, “दीड वर्षानं तिनं तोंड उघडलं होतं, ताई. तुम्ही चारचौघांत तिचा पदर ओढला.”

मला रडू आलं, आणि या वेळी तर्रीचा काही संबंध नव्हता. मी म्हटलं, मी उद्याच्या गाडीनं पुण्याला जाते. “अन् तिचं काय?” इंदूताई उसळल्या. “नऊ दिवस राहिले. लगन परत होते का तिच्या पोरीचं? शनिवारी ते लोक जामसांवलीले पत्रिका ठेवायले जाऊन राहिले, रोडग्यांचा सैपाक हाय. गुरुजीनं आपल्याले बोलावलं. तुम्ही यायचं. ज्यानं कहाणी मोडली त्यानं एक सांगायची. तुमचा हाच दंड.”

जामसांवली

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. आमच्याकडचे मारुती शेंदूर फासून कायम तयारीत उभे, हा आपला आडवा पडून लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. लग्नाआधी पत्रिका त्याच्यापुढे ठेवायची आणि मग झाडाखाली रोडगे करायचे, अशी गुरुजींच्या घरची रीत. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरून भाजतात, ते रोडगे. ते भाजणं पुरुषांचं काम. आमच्याकडे देवाच्या ठिकाणी पुरुष मंडळी सोवळं नेसून नैवेद्याची वाट बघत बसतात. इथं गुरुजी आणि त्यांचे भाऊ धुरात डोळे चोळत, राख झटकत, एकमेकांना “जळून राहिला न तो!” असं ओरडत होते. बायका एका मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी करत होत्या. वाटण, भाजणं, हसणं, चिडवणं सगळं एकदम चाललेलं. मला हे लोक फार आवडले, आणि आवडले म्हणूनच सौंसरला केलेली चूक जास्त टोचत होती.

कौसल्याबाई त्या गोतावळ्यापासून दूर, दुसऱ्या झाडाखाली लसूण सोलत बसल्या होत्या. इंदूताईंनी मला हाताला धरून तिथं नेलं. त्यांनी कौसल्याबाईंच्या मुठीत ज्वारी दिली, मला दिली नाही. “या बाईले एक कहाणी सांगायची हाय,” म्हणाल्या.

मी अडखळतच सुरू केलं. “एक बाई होती. पुण्याची.”

त्यांनी मुठीतले दाणे चाचपले. मग हलकेच, “हूं.”

“तिला एक मोठी बहीण होती. त्या बहिणीला हाच आजार झाला.”

“हूं.”

“बाई हुशार. तिनं सगळी पुस्तकं वाचलेली. बहीण काही बोलायला लागली, की ही सांगायची, असा विचार करू नये, तसा विचार करू नये. बहीण म्हणाली, मला भीती वाटते. ही म्हणाली, भिण्यासारखं काही नाही.”

“हूं.”

“मग बहीण बोलेनाशीच झाली. बाईला वाटलं, आपलं औषध लागू पडलं. बहीण गेल्यावर कळलं, की ती सगळं बोलायची, पण ते झाडलोट करायला येणाऱ्या मुक्ताबाईपाशी. मुक्ताबाई केरसुणी बाजूला ठेवून ऐकायची. तिला पुस्तकं वाचता येत नव्हती.”

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. कौसल्याबाई ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत, ‘तुमची काय चूक’ म्हणाल्या नाहीत. “हूं,” एवढंच म्हणाल्या, आणि त्या एका हूंनं माझं छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. मग त्यांनीच विचारलं, “दुसऱ्या दिवशी काय केलं मंग त्या बाईनं?”

“काही नाही. कामावर गेली. पुन्हा तसंच बोलत राहिली. परवासुद्धा.”

कौसल्याबाईंच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. त्यांनी आपल्या मुठीतली ज्वारी माझ्या मुठीत ओतली आणि लसणीची पाकळी उचलली. “त्या देव्हाऱ्यावाल्या बाईचं राहिलं न,” त्या म्हणाल्या.

नेमकी तेव्हाच वनिता पाण्याचा गडवा घेऊन आली. घरच्या माणसाला ऐकायला बसवायचं नाही, हा इंदूताईंचा कडक नियम आहे. घरच्यांपुढे बाई खरं बोलत नाही म्हणतात. इंदूताई वनिताला उठवायला पुढं झाल्या, पण पोरगी फतकल मारून बसली होती. तिनं माझ्या मुठीतले थोडे दाणे काढून घेतले आणि आईकडे बघत राहिली. कौसल्याबाईंनी तिला ऊठ म्हटलं नाही. मग नजर लसणावर ठेवून सांगायला लागल्या.

“त्या बाईच्या लेकीचं लगन ठरलं.”

“हूं,” वनिता म्हणाली.

“लेक लय गुणाची.”

“हूं.”

“बाईनं ठरवलं, आपल्या भंगलेल्या हातानं लेकीच्या संसाराले अपशकून नोको. म्हणून लगनाच्या दिवशी ती आतल्या खोलीत बसली.”

मी वाट बघितली. हूं आला नाही.

कौसल्याबाईंना वाटलं, पोरीनं ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. “लगनाच्या दिवशी ती आतल्या खोलीत बसली.”

वनितानं ओठ घट्ट मिटून घेतले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मुठीतून दाणे सांडत होते, पण तोंडातून आवाज नाही. नियम ती मोडत नव्हती. हट्ट नाही, विनवणी नाही, एक शब्द नाही. फक्त हूं देत नव्हती.

“हूं म्हण न वो, वनू,” कौसल्याबाई म्हणाल्या. “म्हण न माय. पुढं कशी जाऊ मी?”

माझ्या जिभेवर किमान दहा वाक्यं येऊन उभी राहिली. मी मूठ इतकी आवळली की तळव्यात दाणे रुतले. इंदूताई दगडासारख्या बसल्या होत्या. पलीकडे गुरुजी ओरडत होते, रोडगे झाले, या. कुणी उठलं नाही.

कौसल्याबाईंनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. “लगनाच्या दिवशी ती बाई...” आणि थांबल्या. हातातली पाकळी त्यांनी खाली ठेवली. पोरीच्या तोंडाकडे बघितलं, मला वाटतं दीड वर्षात पहिल्यांदाच इतकं सरळ बघितलं. “ती बाई उठली,” त्या म्हणाल्या. “तिनं लुगडं बदललं. अन् ती मांडवात जाऊन बसली.”

“हूं,” म्हणून वनितानं आईच्या मांडीवर डोकं टाकलं आणि ती हमसून हमसून रडली. कौसल्याबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्यांच्या बोटांना लसणाचा वास असणार, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं!

परतताना इंदूताई म्हणाल्या, “हे माह्या नियमात नव्हतं, ताई. हूं न देणं. हे पोट्टीनंच काढलं.” आणि मग जरा वेळानं, “ठेवावं का हे नियमात?” हे विचारताना त्या कमालीच्या गंभीर होत्या. मी फक्त ‘हूं’ म्हटलं. मला इंदूताईंचा इतका अभिमान वाटला की बोलले असते तर काहीतरी भलतंच बोलले असते.

पुन्हा सौंसर

पुण्याला तार करून मी रजा वाढवली. वरिष्ठांनी कारण विचारलं होतं. ‘काम अपुरे’ एवढं कळवलं.

लग्नाच्या सकाळी मी आणि इंदूताई मांडवात बायकांमध्ये बसलो होतो. कहाणीत म्हणणं वेगळं आणि चारशे माणसांत येऊन बसणं वेगळं. कन्यादानाच्या पाटावर गुरुजी एकटेच होते. शेजारचा पाट रिकामा. कौसल्याबाई आल्या नाहीत तर पाटावर बसायला गुरुजींचे भाऊ आणि शालू नेसलेली भावजय, बिचारी भली बाई, तयार उभे होते. भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं. गुरुजी दाराकडे बघत होते, आणि अंतरपाटामागून निघून आलेली वनिता खाली मान घालून बसली होती.

मग कौसल्याबाई आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पदर नेहमीसारखा दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला नाही, सरळ घेतलेला. कुणाकडे न बघता त्या चालत आल्या आणि पाटावर बसल्या. मागे कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. रखमाबाई पांढुर्ण्याहून आल्या होत्या. त्यांनी मान वळवून असं काही बघितलं की कुजबुज जागच्या जागी थांबली.

गुरुजींनी ओंजळ केली. आता आईनं झारीनं त्या ओंजळीत पाण्याची धार धरायची. ऑपरेशन उजव्या बाजूचं, तो हात खांद्याच्या वर जात नाही. कौसल्याबाईंनी झारी उचलली, हात अर्ध्यावरच अडला, पाणी पाटावर सांडलं. भावजय धावली आणि झारीला हात लावू लागली.

“नोको,” कौसल्याबाई म्हणाल्या. “होते मले.”

डाव्या हातानं उजवं कोपर खालून धरून त्यांनी झारी पुन्हा उचलली. धार गुरुजींच्या ओंजळीतून लेकीच्या हातावर आणि तिथून जावयाच्या हातावर पडायला लागली. भटजी मंत्र म्हणत राहिले. मंत्र संपला. ते म्हणाले, “पुरे, बाई. झालं.”

कौसल्याबाई थांबल्या नाहीत. गुरुजींनीही ओंजळ हलवली नाही. ताम्हन भरलं, पाटावरून ओघळून पाणी मांडवाच्या मातीत गेलं, भटजींनी आपली पोथी उचलून वर धरली, आणि झारी रिकामी होईपर्यंत त्या ओतत राहिल्या.